छाटणीची काडी आणि शाळेतील द्राक्षवेल

(ग्रामीण प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत झालेले भाषण)



नाशिक जिल्ह्यातील मुलांना द्राक्ष म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांत कित्येक शाळांची वाटच बागांमधून जाते. फेब्रुवारी-मार्च महिन्यांत घड उतरविण्याची धांदल मुले रोज पाहतात. काहींचे आईवडील त्याच कामावर असतात. परंतु याच मुलांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. आंबा कोयीतून उगवतो, हरभरा दाण्यातून उगवतो, भोपळा बियांतून उगवतो; मग ज्या द्राक्षात बीच नाही त्याची वेल उगवते कशातून? वर्ग क्षणभर गप्प होतो. एखादा बागाईतदाराचा मुलगा "रोपवाटिकेतून" असे उत्तर देतो. रोपवाटिकेत ते रोप कशातून आले, असे विचारले की तोही गप्प होतो.

या प्रश्नाचे उत्तर बागेच्या बांधावर पडलेले असते. दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झाली की छाटलेल्या काड्यांचे ढीग बांधावर लागतात. पुढे ते कुजवितात किंवा जाळून टाकतात. त्या ढिगातील शिसपेन्सिलीएवढी जाड अशी एक काडी उचलून ओल्या मातीत नीट लावली, तर तिला मुळे फुटतात आणि तिची वेल होते. यास पैसा जवळजवळ लागत नाही; लागते ती निगा आणि धीर. शाळेच्या आवारात किंवा विद्यार्थ्याच्या परसात अशी एक वेल कशी वाढवावी, आणि वाढविता वाढविता तिच्यापासून कोणता पाठ द्यावा, हा आजचा विषय आहे.

काडी आणि बी यांतील भेद

प्रथम शास्त्राची बाजू पाहू. बी हे दोघांचे अपत्य असते. म्हणून बियांपासून आलेले झाड आईबापांसारखे असतेच असे नाही. गोड आंब्याची कोय लावली तरी आंबट आंबा निघू शकतो. काडीचे तसे नसते. काडी म्हणजे मूळ वेलीचाच एक तुकडा. तिच्यापासून वाढलेली वेल ही मूळ वेलीची मुलगी नव्हे. ती वेल स्वतःच दुसऱ्या जागी उभी राहिलेली असते. ज्या वेलीची काडी, त्याच वेलीचा रंग, तीच चव, तोच घड.

इंग्लंडमध्ये लंडनजवळ हॅम्प्टन कोर्ट नावाचा राजवाडा आहे. तेथे १७६८ मध्ये दुसऱ्या एका बागेतून आणलेली काळ्या द्राक्षाची एक काडी लावण्यात आली. अडीचशे वर्षे उलटून गेली, तरी ती वेल आजही काचघरात पसरलेली आहे आणि दरवर्षी फळते. आपल्याकडील 'थॉमसन' या नावाची कथाही काडीचीच आहे. विल्यम थॉमसन हा अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा एक फळबागवाला. त्याने १८७२ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील एका रोपवाटिकेतून काड्या मागविल्या. त्यांतील एकच जगली असे सांगतात. तिला बिनबियांची द्राक्षे आली आणि त्याचे नाव त्या द्राक्षास मिळाले. वस्तुतः ही जात पश्चिम आशियातील जुनी 'सुलताना' किंवा 'किसमिस' होय. माणसाचे नाव पडले, परंतु वेल तीच राहिली. कारण ती काडीच्या वाटेने आली.

मात्र काडीतही क्वचित बदल घडतो. एखाद्या डोळ्यात आपोआप फरक पडतो आणि त्यातून निघालेली फांदी इतरांहून वेगळी फळते. चाणाक्ष शेतकरी ती हेरतो, तिच्या काड्या वेगळ्या लावतो आणि नवी जात जन्मास येते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या बागेतून लांबट मण्यांची 'सोनाका' ही जात अशीच निवडली. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात निवडलेली 'तास-ए-गणेश' हीदेखील थॉमसनचीच शाखा आहे. शेतकऱ्याने डोळे उघडे ठेवून पाहिले म्हणजे तोही संशोधक होतो, हे मुलांना सांगण्यास यांहून चांगले दाखले मिळणार नाहीत.

काडीची निवड

काडी नेहमी निरोगी आणि चांगल्या फळणाऱ्या वेलीची घ्यावी. बागाईतदारास विचारून, त्याच्या परवानगीनेच ती आणावी. काही नव्या जातींच्या लागवडीवर त्यांच्या मालकांचे हक्क असतात. त्यामुळे विचारणे हे शिष्टाचाराचे आहे तसेच कायद्याचेही आहे. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागेत काड्यांना औषध लावतात. ते विषारी असते. यासाठी छाटणीच्या दिवसांत मुलांना बागेत नेऊ नये. काड्या शिक्षकाने किंवा पालकाने औषध लावण्यापूर्वीच आणाव्यात आणि आणल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन घ्याव्यात.

काडी एका हंगामाची, पक्व झालेली असावी. तिची साल तपकिरी असते. वाकविली असता ती चटकन लिबलिबत नाही, आणि नखाने साल किंचित खरवडली तर आत हिरवा ओलसर थर दिसतो. हिरवी कोवळी काडी कुजते. फार जाड आणि फार बारीक काडीही टाळावी. डोळे टपोरे व शाबूत असावेत.

आणखी एक दक्षता घ्यावी. आज आपल्या भागातील बहुतेक बागा खुंटावर कलम केलेल्या आहेत. खाली 'डॉगरिज'सारख्या रानवट जातीचे खुंट असते आणि वर थॉमसन, सोनाका इत्यादी फळाची जात असते. खुंट क्षारयुक्त जमीन व पाण्याची टंचाई सोसते म्हणून ही योजना आहे. तेव्हा काडी कलमाच्या सांध्याच्या वरची घ्यावी. सांध्याखालून निघालेला फुटवा लावल्यास खुंटाची रानवेल वाढेल आणि खाण्याजोगे द्राक्ष कधीच मिळणार नाही. शिवाय, वरच्या काडीपासून केलेली वेल स्वतःच्या मुळांवर उभी असल्याने तिला खुंटाचा काटकपणा लाभत नाही. घरच्या व शाळेच्या एका वेलीस, जमीन निचऱ्याची आणि पाणी गोडे असेल तर, याने अडत नाही. जेथे विहिरीचे पाणी मचूळ आहे तेथे मात्र कलमी रोप आणणेच बरे.

काडी लावण्याची रीत

एका काडीवर चार डोळे ठेवावेत. लांबी साधारण पंचवीस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका वितीहून थोडी अधिक, भरते. खालचा काप शेवटच्या डोळ्याच्या लगेच खाली सरळ घ्यावा. वरचा काप वरच्या डोळ्यापासून दोन बोटे अंतर ठेवून तिरपा घ्यावा. यात दोन फायदे आहेत. तिरप्या कापावर पाणी साचत नाही. आणि काडीचे वर कोणते व खाली कोणते, हे कधीही चुकत नाही. कापण्याचे काम शिक्षकाने धारदार कात्रीने करावे. बोथट कात्रीने साल चिरडते. मोजणे, डोळे गणणे, जुड्या बांधणे ही कामे मुलांनी करावीत.

कापलेल्या काड्या एक रात्र पाण्यात उभ्या ठेवाव्यात. त्या लगेच लावता येत नसतील तर जुडी बांधून सावलीत ओल्या वाळूत पुरून ठेवावी. आठ-दहा दिवस ती चांगली राहते. मुळे फुटण्याची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते. तिने मदत होते, परंतु तिच्यावाचून काम अडत नाही.

लावण्यासाठी मातीची कुंडी, भोके पाडलेला जुना डबा किंवा रोपाची पिशवी चालते. एक भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण भरावे. ताजे शेण कधीही घालू नये. बोटाने किंवा काठीने आधी भोक पाडावे, मग काडी घालावी. काडीच दाबून खुपसली तर खालची साल सोलते. दोन डोळे मातीत आणि दोन डोळे वर राहतील अशी काडी बसवून भोवतालची माती घट्ट दाबावी. कुंडी झाडाच्या विरळ सावलीत, वाऱ्यापासून आडोशाला ठेवावी. माती ओली असावी, चिखल नसावा. मुठीत दाबलेली माती गोळा होऊन राहते परंतु तिच्यातून पाणी टपकत नाही, ही ओलीची परीक्षा मुलांना लवकर समजते.

एका शाळेने वीस काड्या लावाव्यात. निम्म्या लागल्या तरी काम उत्तम झाले असे समजावे. एकच काडी लावली आणि ती वाळली तर मुलांचा विरस होतो. वीस लावल्या तर वाळलेल्या काड्याही हिशेबाचा विषय होतात.

पालवी आधी, मूळ मागून

आता या सर्व कामातील मर्माची गोष्ट.

काडी लावल्यावर दोन-तीन आठवड्यांत वरचे डोळे फुगतात, फुटतात आणि लहान लहान पोपटी पाने बाहेर येतात. मुले आनंदाने सांगत येतात की काडी लागली. पुष्कळ वेळा शिक्षकही तसेच समजतो. परंतु काडी लागलेली नसते. ती पालवी नव्या मुळांच्या बळावर आलेली नाही. काडीत आधीपासून साठविलेल्या अन्नावर आली आहे. या वेळी मातीखाली, खालच्या कापाशी, फक्त एक पांढुरकी गाठ धरू लागलेली असते. खरी मुळे त्यानंतर, चार ते सहा आठवड्यांच्या सुमारास, दिसू लागतात.

हा मधला काळ फसवा असतो. पाने आली की ती पाणी मागतात. मुळे नसल्याने पाणी पुरविणारे कोणी नसते. साठा संपतो, पाने एका दुपारी मान टाकतात आणि काडी मरते. पान दिसू लागले म्हणून कोणी कुंडी उन्हात ठेवतो, कोणी खत घालतो, कोणी रोज तांब्याभर पाणी ओततो, आणि कोणी मुळे आली का हे पाहण्यासाठी काडी उपटतो. या चारही गोष्टी घातक आहेत. या दिवसांत सावली, बेताची ओल आणि निवांतपणा एवढेच काडीस हवे असते. पुढे पाने मोठी व गर्द होऊ लागली, शेंडा सरळ वाढू लागला, आणि काडीस अगदी हळू हलवून पाहता ती जमिनीस धरून आहे असे जाणवले, म्हणजे मूळ धरले असे मानावे. त्यानंतरच तिला हळूहळू उन्हाची सवय लावावी.

मुलांना हे प्रत्यक्ष दाखविण्याची सोपी युक्ती आहे. एका पारदर्शक बाटलीचा वरचा भाग कापून टाकावा, तळाला भोके पाडावीत, तेच मातीचे मिश्रण भरावे आणि एक काडी भिंतीला चिकटून दिसेल अशी लावावी. बाटलीभोवती काळा कागद गुंडाळावा. दर शनिवारी कागद सोडून मुलांनी पाहावे, वहीत आकृती काढावी आणि कागद पुन्हा गुंडाळावा. वर पाने आलेली आहेत आणि खाली अद्याप काहीच नाही, हे चित्र मुलाने एकदा स्वतः पाहिले म्हणजे त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरा प्रयोग दोन काड्यांवर करावा. त्या मुद्दाम उलट्या, तिरपा काप खाली करून लावाव्यात. काडीला आपले वर-खाली माहीत असते. तिचे मूळ खालच्या बाजूच्या टोकाशीच फुटू पाहते, मग ते टोक हवेत का असेना. उलट्या काड्या बहुधा वाळतात. शेजारच्या सुलट काड्या हिरव्या आणि या वाळलेल्या, असे पाहिल्यावर तिरपा काप कशासाठी, याचे उत्तर मुले स्वतःच देतात.

शिक्षकास या पालवीचा आणखी एक अर्थ सहज उमगावा. पाढे घडाघडा म्हणणारे मूल आणि वाचलेला धडा तोंडपाठ बोलून दाखविणारे मूल पाहिले की पाहुणा संतुष्ट होतो. ती पालवी खोटी नसते. परंतु ती पुष्कळदा साठ्यावरची असते. अशा मुलास लगेच पुढच्या इयत्तेच्या कडक उन्हात लोटू नये, तसेच मूळ पाहण्यासाठी त्याला रोज उपटूनही पाहू नये. बेताची ओल आणि थोडी सावली त्यालाही लागते.

सुट्टीचा प्रश्न

शाळेतील झाडे पावसाअभावी मरतात त्याहून अधिक सुट्टीत मरतात, हा सर्वत्रचा अनुभव आहे. द्राक्षकाडीच्या बाबतीत तर योग विशेषच अवघड आहे. फळछाटणी दिवाळीच्या आगेमागे येते. काड्या लावाव्यात, पालवीचा तो फसवा काळ सुरू व्हावा आणि नेमकी त्याच वेळी शाळेस कुलूप लागावे, असे घडते. म्हणून लागवडीपूर्वीच दिनदर्शिका काढून दिवस मोजावेत. शक्यतो सुट्टीच्या आरंभी कुंड्या मुलांच्या घरी वाटून द्याव्यात. प्रत्येक कुंडीवर क्रमांक आणि मुलाचे नाव लिहावे. घरातील आजी-आजोबांना दोन शब्द सांगून ठेवावेत. ज्या घरी तुळशीला नित्य पाणी घातले जाते त्या घरी काडीलाही मिळते. सुट्टी संपताच सर्व कुंड्या परत आणून मोजणी करावी. वाळलेली काडी परत आणणाऱ्या मुलास रागावू नये. कोणत्या दिवशी ती वाळली, कुंडी कोठे ठेवली होती, एवढे त्याच्याकडून लिहून घ्यावे. खरे लिहिल्याबद्दल शाबासकी द्यावी.

उन्हाळ्याच्या सुट्टीचा विचारही आधीच करावा. जानेवारी-फेब्रुवारीत रोपे जमिनीत लावण्याजोगी होतात आणि पाण्याची सोय असलेला शेतकरी ती तेव्हा लावतोही. परंतु शाळेने ती घाई करू नये. येवला, नांदगाव, सिन्नर यांकडील कोरड्या गावांत मे महिन्यात शाळेच्या आवारातील कोवळ्या वेलीस पाणी कोण घालणार? त्यापेक्षा रोपे मोठ्या कुंडीत सावलीला ठेवावीत आणि जूनमध्ये शाळा उघडून एक-दोन चांगले पाऊस झाले म्हणजे जमिनीत लावावीत.

वेल जमिनीत लावणे व तिला वळण देणे

जागा अशी निवडावी की तेथे दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी तुंबणार नाही. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा उन्हाळ्यातच काढून तापू द्यावा. भारी काळी माती असेल तर तळाशी विटांचे तुकडे व मुरूम घालावा. दोन-तीन पाट्या कुजलेले शेणखत मातीत मिसळून खड्डा भरावा. पिण्याच्या पाण्याच्या नळाखालचे वाया जाणारे पाणी चर काढून वेलीकडे वळविता येते. साबणाचे पाणी मात्र वळवू नये. जेथे पाणी अगदीच तोकडे तेथे वेलीपासून हातभर अंतरावर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते भरून झाकून ठेवावे. मडक्यातून ओल झिरपत राहते आणि पाणी उडून जात नाही.

पहिल्या वर्षी वेलीस फक्त चढावयास शिकवावे. सर्वांत जोमदार असा एकच फुटवा ठेवून तो बांबूस सुतळीने सैल बांधावा आणि बाकीच्या बगलफुटी खुडाव्यात. साडेसहा-सात फुटांवर मांडव करावा. मांडवाखाली आला की शेंडा मारावा, म्हणजे दोन बाजूंना दोन फांद्या निघतात. बागेच्या भाषेत यांना ओलांडे म्हणतात. पुढे ओलांड्यांवर ज्या काड्या येतात त्यांवर घड धरतात. एका वेलीस दहा फूट लांब व दहा फूट रुंद मांडव पुरतो. परंतु तो भक्कम असावा, कारण भरल्या घडांचा भार मोठा असतो.

वर्षातून दोन छाटण्या

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. महाराष्ट्रात तशी कडक थंडी नाही. वेल झोपत नाही. म्हणून येथील शेतकऱ्याने दोन छाटण्यांची पद्धत बसविली आहे. एप्रिलमध्ये खरडछाटणी करतात. तीत प्रत्येक काडीवर एखादा डोळा राखून बाकी सर्व काढतात. तिच्यानंतर फुटणाऱ्या काड्या पुढच्या फळाची तयारी करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजेच गोडी छाटणी करतात. तीत त्या पक्व काड्यांवर ठराविक डोळे राखून शेंडे छाटतात. त्यानंतर घड बाहेर पडतात आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत माल तयार होतो. सटाणा-कळवणकडे काही बागांची फळछाटणी पावसाळ्यातच होते, त्यामुळे तेथील शाळांना काड्या लवकर मिळतील.

येथे एक नवलाची गोष्ट आहे. ऑक्टोबरनंतर जो घड डोळ्यातून बाहेर येतो तो त्या वेळी जन्मलेला नसतो. खरडछाटणीनंतर मे-जूनच्या सुमारास, काडी वाढत असतानाच, डोळ्याच्या आत तो सूक्ष्म रूपाने घडलेला असतो. त्या दिवसांत काडीला ऊन मिळाले आणि अन्न मिळाले तरच डोळा फळाचा होतो. न मिळाल्यास नुसती पाने देणारा वांझ डोळा होतो. यास्तव मांडवावर फांद्यांची गर्दी होऊ देऊ नये. शाळेच्या वेलीची पहिली दोन वर्षे छाटणी गावातील जाणत्या बागाईतदाराकडून करून घ्यावी आणि मुलांना ती पाहू द्यावी. छाटलेल्या जागेतून पाणी ठिबकते. वेल रडते का, असे मुले विचारतात. मुळांनी ओढलेले पाणी वर चढत आहे, याचा तो डोळ्यांदेखतचा पुरावा होय.

रोग आणि औषधे

द्राक्षास रोग पुष्कळ. पानावर वरून तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली तर तो केवडा. पिठासारखा थर दिसला तर भुरी. तपकिरी ठिपके पडून छिद्रे झाली तर करपा. पानांची दाटी कमी करणे, रोगट पाने खुडून पुरून टाकणे, सायंकाळी पानांवर पाणी न मारणे, हे एका वेलीपुरते पुष्कळ आहे.

केवड्यावरील जुने प्रसिद्ध औषध बोर्डो मिश्रण होय. ते मोरचूद, चुना आणि पाणी यांचे करतात. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे वाटसरू तोडून नेत. ती विषारी दिसावीत म्हणून मालक त्यांवर मोरचूद व चुना शिंपडीत. १८८२ साली मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की सगळीकडे केवड्याने पाने गळाली असता रस्त्याकडेच्या या वेली मात्र हिरव्या आहेत. प्रयोग करून त्याने १८८५ मध्ये हे औषध जाहीर केले. ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. परंतु शाळेतील वेलीवर फवारणी करावयाचीच झाली तर ती जाणत्या माणसाने सुट्टीच्या दिवशी करावी. मुलांच्या हाती कोणतेही औषध देऊ नये. बागेतील कडक औषधे शाळेच्या आवारात आणूच नयेत. घड थोडे आले तरी चालतील. ते निर्धास्तपणे खाता आले पाहिजेत.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या अतिपावसाच्या तालुक्यांत द्राक्षवेल रोगास लवकर बळी पडते. तेथील शिक्षकांनी हट्ट धरू नये. शेवगा, अंजीर, जास्वंद यांच्या फांद्याही अशाच लागतात; पाठ तोच राहतो.

वेलीची वही आणि कोणत्या इयत्तेने काडी लावावी

काडी लावल्यापासून पहिला घड हाती येईपर्यंत साधारण अडीच वर्षे जातात. ऑक्टोबरात लावलेली काडी पुढच्या पावसाळ्यात जमिनीत जाते, त्यापुढच्या एप्रिलमध्ये तिची पहिली खरडछाटणी होते, त्याच वर्षी ऑक्टोबरात फळछाटणी होते आणि नंतरच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षे खावयास मिळतात. या हिशेबाने जेथे चौथीपर्यंत शाळा आहे तेथे काडी दुसरीच्या मुलांनी लावावी. जेथे पाचवीपर्यंत आहे तेथे तिसरीच्या मुलांनी लावावी. म्हणजे ज्यांनी काडी लावली त्यांनाच, शाळा सोडण्यापूर्वी, तिचे फळ चाखता येईल. चौथीच्या मुलांकडून लावून घेतली तर घड दुसऱ्यांच्या वाट्याला येतील. आणि लहान मुलांस ते न्यायाचे वाटणार नाही.

शिक्षकाची मात्र अशी खात्री देता येत नाही. त्याची बदली होते. नव्या शिक्षकास कोपऱ्यातील कुंड्या कशाच्या हे ठाऊक नसते आणि उन्हाळ्यात त्या वाळतात. यावर उपाय एकच, तो म्हणजे वेलीची वही. काडी कोणत्या बागेतील, कोणत्या जातीची, कोणत्या तारखेस लावली. किती डोळे फुटले, किती काड्या जगल्या, किती वाळल्या. छाटणी केव्हा झाली. पुढे काय करावयाचे आहे, हे सर्व तीत मुलांच्या अक्षरात असावे. लांबी मोजणे, सरासरी काढणे, शेकडेवारी, आलेख, निबंध, चित्र यांना लागणारे साहित्य या एका वहीत मिळते. बदली झालेल्या शिक्षकाने ही वही इतर दप्तराबरोबर नव्या शिक्षकाच्या हाती द्यावी आणि त्यास वेलीपाशी नेऊन ती दाखवावी.

वेल मांडवावर गेली की दरवर्षी तिचीही छाटणी होईल आणि शाळेच्या आवारातच काड्यांचा ढीग पडेल. तो जाळू नये. त्यातील पाचपन्नास चांगल्या काड्या निवडून प्रत्येक मुलास एक याप्रमाणे घरी द्याव्यात. उरलेल्या शेजारच्या गावातील शाळेस पाठवाव्यात. काडीचे दान असे आहे की देणाऱ्याची वेल त्याने कमी होत नाही. उलट छाटल्यानेच ती फळते. ज्या घरी बाग नाही, ज्यांचे आईवडील दुसऱ्याच्या बागेत घड तोडावयास जातात, त्या घरच्या मुलास पहिली काडी द्यावी. अडीच वर्षांनी त्याच्या परसात जो घड लागेल तो त्याच्या स्वतःच्या मांडवावरचा असेल. येत्या फळछाटणीस प्रत्येक शाळेने वीस काड्यांनी या कामाचा आरंभ करावा.